हात धरून मारणारे गुरुजी

दामू गुरुजी गेल्याचं मला कासारवाडी स्टेशनवर कळलं. कॉलेजातून परतत होतो. गावचा एक माणूस डाव्या बाजूने काहीतरी बोलला. त्या कानाने मला ऐकू येत नाही, म्हणून वळून पुन्हा विचारलं. "अरे, तुझे गुरुजी गेले," तो म्हणाला. तो कान गुरुजींनीच फोडला होता... हे लिहावं की नाही, याचा तीन आठवडे विचार केला. पण एवढं वगळलं तर माझे गुरुजी उरतच नाहीत.

चौथीत शुद्धलेखन चुकलं की छडी ठरलेली. गुरुजी मुलाची बोटं डाव्या हाताने घट्ट धरत आणि उजव्या हाताने नेमकी तळव्यावर मारत. मी वेशीबाहेरच्या वस्तीतला. विटाळ नको म्हणून माझा हात ते धरत नसत, लांबूनच छडी फिरवत. मी दचकून हात मागे घ्यायचो आणि ती मनगटावर, खांद्यावर, कुठेही बसायची. एके दिवशी कानावर बसली. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. रक्ताने अक्षरं पुसली जातील म्हणून मी पाटी लांब धरून उभा राहिलो.

वडील तेव्हा पिंपरीला कारखान्याच्या पायासाठी दगड फोडायला जात. कामावरून तसेच शाळेत आले, पायरीखाली थांबले.

"मारा गुरुजी, माझं काय म्हननं न्हाई. पर बाकीच्या पोरांचा हात धरून मारता. ह्याचाबी धरा. म्हंजी घाव तरी हातावर बसंल."

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गासमोर म्हणाले, "मला वाटायचं, मी सगळ्यांना सारखंच मारतो. तसं नव्हतं." आणि माझा हात धरला. मागून पाटलांचा पोरगा म्हणाला, "गुरुजी, आता घरी जाऊन आंघोळ करा." वर्ग हसला. गुरुजींनी त्याला केसांना धरून पुढे ओढलं आणि छडी मोडेपर्यंत बडवलं. मग मोडका तुकडा टेबलावर ठेवला. "ह्याच्या तोंडून माझंच बोलणं आलं," ते हळू म्हणाले, "म्हणून ह्याला जास्त लागलं."

छडी सुटली नाही. पण त्यानंतर उगारण्याआधी ते प्रत्येकाचा हात हातात घेऊन क्षणभर थांबत. कधी मारत, कधी तसाच सोडून देत. मी त्यांना माफ केलं का... मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी हल्ली पिंपरीत संध्याकाळची शिकवणी घेतो. मागच्या आठवड्यात दोन मुलं बोलत होती. एक आमच्या गावचा, एक फाळणीत आलेल्या निर्वासितांच्या छावणीतला. छावणीवाल्यांना सरकारने घरं दिली, आमच्या वस्तीत अजून नळ नाही, हे मनात कुठेतरी होतंच. मी पट्टी एकावरच उगारली. छावणीतल्या त्या पोराने दोन्ही हात कानांवर घेतले.

मी त्याचा एक हात कानावरून काढून हातात धरला. घामाने ओला होता. पट्टी खाली ठेवायला मला फार वेळ लागला.