बसून राहिलो

दोस्तहो, आज सकाळी फोनवर मुलाखत झाली. कंपनी पुण्याची.

एम.कॉम.चा निकाल लागल्यापासून मी भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरला काकांच्या राईस मिलच्या ऑफिसात बसतो. "नोकरी लागत नाही तवरक बस," काका म्हणाले होते. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी मागे कोंड्याच्या ढिगाजवळ जाऊन बोललो.

पलीकडच्या मॅडमनी विचारलं, "सध्या काय करता?"

जिभेवर आलं ते बोलून गेलो. "काकांच्या मिलमध्ये बसून राहिलो."

त्यांनी विचारलं, "बसून का राहिलात? पुढे काही करावंसं वाटलं नाही?"

मी समजावलं, मॅडम, आमच्याकडे बसून राहिलो म्हणजे बसतोय. जेवून राहिलो म्हणजे जेवतोय. त्या हसल्या. अगदी मनापासून हसल्या. "गोड आहे हो तुमची भाषा. कळवतो आम्ही."

दुपारी काका बाजारातून माझ्यासाठी नवीन खुर्ची घेऊन आले. गादीची, चाकांची. "जुनी डुगडुगते. हे मजबूत हाये, जिंदगीभर काही होत नाही हिले."

प्रेमानं आणलेली खुर्ची. बसलो.

संध्याकाळी गावाहून, सानगडीहून, आईचा फोन आला. "काय करून राहिला, बाबू?"

"बसून राहिलो," मी म्हटलं.

तेव्हापासून विचार करतोय. हे मी भंडाऱ्याचं बोललो की पुण्याचं? तुम्हाला काय वाटते?