रुमालाखालचा सौदा

माझ्या वडिलांसाठी, आबांसाठी, दिवसभर सांभाळणारं केंद्र बघू या, असं मी म्हटलं आणि आईनं माझ्याशी अबोला धरला. "आपला माणूस लोकाच्या दारात बसवायचा?" एवढंच बोलली. पण मग आबा तिची नजर चुकवून बाहेर पडले आणि बैलबाजाराच्या रिकाम्या मैदानात सापडले. त्यांना घेऊन येताना आई भर रस्त्यात मटकन खाली बसली. घरी आल्यावर म्हणाली, "बघ बाई तुझं ते केंद्र. माझ्यानं न्हाई होत आता."

आबांचं सगळं आयुष्य त्या बाजारात दलाली करण्यात गेलं. तिथं बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात, बोटं दाबून आकडा सांगायचा, आजूबाजूच्यांनी नुसती तोंडं बघायची. लहानपणी मी शिकवा म्हणून हात पुढं करायची. आबा हसून तो बाजूला सारायचे, "घरच्यासंगं सौदा करत न्हाईत, बाई." रुमालाखाली काय चालतं याचं माझं कुतूहल तसंच राहिलं.

या विसरण्याच्या आजारात माझं नाव गेलं. मी शाळेत शिकवते एवढं कुठंतरी उरलंय, म्हणून ते मला "मास्तरीणबाई" म्हणतात, तेही अगदी आदरानं. तो आदर मला झोंबतो. परक्या बाईनं आपल्याला नेऊन कुठंतरी टाकलं, असं त्यांना वाटलं तर? मला भीती होती ती हीच.

पहिलं केंद्र चकाचक होतं. फरशी अशी, की आबा चप्पल हातात घेऊन चालले. तिथल्या पोरीनं नमस्कार केला तर यांनी तिचा हात धरला, खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला आणि बोटं दाबायला लागले. ती दचकून मागं सरली. "हे काय करून राहिले?" तिचं काय चुकलं? पण मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून माझाच मला राग आला. अशी सवय असेल तर जमणार नाही, असं तिथल्या साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं.

दुसरं केंद्र एक निवृत्त नर्सबाई आमच्या वसमतमध्येच, स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत चालवत होत्या. चार-पाच म्हातारी माणसं शेंगा फोडत बसली होती, फोडत कमी आणि खात जास्त. मी उलटतपासणीच घेतली. दाराला कडी कुठं, जेवण कोण भरवतं, चिडले तर काय करता?

"चिडले तर आमी बी संगं चक्कर मारून येतो," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात आबा एका मिशाळ म्हाताऱ्याजवळ जाऊन बसले. तो बंजारा तांड्यावरचा, बैलबाजार केलेला, गुडघ्यांनी अधू, पण डोक्यानं लख्ख. बघते तर रुमाल पडलासुद्धा. मी माफी मागायला उठले, बाईंनी हातानंच थांबवलं. रुमालाखाली काहीतरी जोरात चाललं होतं. आबा मान हलवत होते, म्हातारा ओठ मुडपत होता. शेवटी त्यानं हात काढून घेतला. "न्हाई जमत. उद्या या, बघू."

मला राहवेना. मी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, ते विकून काय राहिले?"

"काय की. पर भाव लई चढा लावून राहिलेत."

रिक्षात आबा म्हणाले, "उद्या यायचं हाय. सौदा बाकी हाय." कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडी उद्या हा शब्द आला नव्हता. केंद्र तिथंच ठरलं. म्हातारा मोठा वस्ताद, सौदा कधी तुटू देत नाही आणि पुराही करत नाही. आई आता दुपारी झोपते.

एकदा शाळा लवकर सुटली म्हणून मी आधीच पोचले. म्हातारा आला नव्हता, आबा एकटेच दाराकडं बघत होते. मी त्याच्या जागी बसले, आबांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि त्याखाली हात सरकवला. आबांची बोटं माझ्या बोटांवर आली, जरा फिरली आणि थांबली. त्यांनी रुमाल उचलला, घडी करून खांद्यावर ठेवला. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. नाव काही आठवलं नाही.

"घरच्यासंगं सौदा करत न्हाईत," ते म्हणाले.