फुकटचा सांगाडा आणि धारचे काका

माझ्या धारच्या काकांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या खेपेला पास केली नाही. पीथमपूरच्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते, आणि शिफ्टची बस त्यांना घरापाशी सोडून गेली तरी त्यांची शिफ्ट काही संपत नसे. पंगतीत बसण्याआधी ते पाट हलवून बघत. ताईसाठी बदनावरला मुलगा पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी ना पगार विचारला ना शिक्षण. "जरा मांडी घाला," म्हणाले, "आता हात न टेकता उठा." मुलगा उठला. "पुन्हा एकदा." ते आज माझे जिजाजी आहेत, आणि अजूनही काकांसमोर खुर्चीतच बसतात.

मी तेव्हा देवासला ॲनिमेशनचा डिप्लोमा करत होते. बाबांनी एकच वर्ष दिलं होतं. परीक्षेची फिल्म जमली नाही तर बी.एड. माझी फिल्म एका मिनिटाची होती: एक माणूस वाटेत खाली बसतो आणि पायातला काटा काढतो. त्याच्यासाठी मला रिग हवी होती. रिग म्हणजे संगणकातल्या बाहुल्याच्या आतला सांगाडा. कुठली कळ ओढली की कुठला सांधा हलेल, हे त्यात आधीच बसवलेलं असतं. माझा जीव एका महागड्या रिगवर जडला होता. तिला केस होते, पापण्या होत्या, दोन्ही भुवया वेगवेगळ्या उडत. ती घ्यायची तर विषय आईच्या पाटल्यांपर्यंत गेला असता, म्हणून आईने हळूच धारला फोन केला.

सुटीच्या दिवशी काका देवासला आले, ते थेट क्लासमध्ये. आमच्या सरांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. सरांकडे त्या रिगची नमुन्याची प्रत होती.

"भिया, इसको ज़मीन पर बिठाओ," काका सरांना म्हणाले.

सरांनी बसवलं. पाय मांडीवर घेताच पिळलेल्या पंच्यासारखा बाहुल्याचा गुडघा वळला आणि पोटरी मांडीतून आरपार गेली.

"भुवया छान आहेत," काका मला म्हणाले. "पण काटा भुवयांत रुतलाय का?"

मग सरांनी एक फुकटातली रिग उघडली. टक्कल, अंगावर कपडा नाही, हाताला तीन-तीन बोटं, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा. काकांनी त्याला उकिडवं बसवलं, उठवलं, डावा पाय मांडीवर घ्यायला लावला, मग उजवा. तीन तास. सरांचा चहा दोनदा गार झाला. गुडघा कुठेही पिळला नाही.

"हा घे."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. "काका, ह्याला तोंडच नाहीये!"

"काटा काढताना माणूस मान खालीच घालतो," काका म्हणाले आणि बस गाठायला निघून गेले.

चिडून मी तोच घेतला. तीन महिने त्याला खाली बसवत राहिले. परीक्षेला इंदूरहून आलेले परीक्षक आधी म्हणाले, "ये गंजा कौन है?" मग टकल्याने तीन बोटांनी पाऊल धरलं, काटा चाचपला, ओढला, आणि परीक्षकांनी टेबलाखाली स्वतःचा पाय आखडून घेतलेला मी पाहिला. बी.एड. टळलं.

मला पुण्यात नोकरी लागली. काका निवृत्त झाल्यावर एकदा माझं ऑफिस बघायला आले. मी त्यांना आमची पात्रं दाखवली, कापडाच्या घड्या, वाऱ्याने उडणारे केस. ते मागे हात बांधून सगळं बघत राहिले. कुणाला खाली बसवा म्हणाले नाहीत. शेवटी विचारलं, "आणि आपला तो?"

तो क्लासच्या संगणकातच राहिला होता, आणि क्लास कधीच बंद झाला होता. मी खरं ते सांगितलं.



"चांगला बसायचा हो," काका म्हणाले.