एकतिसावं पान

पाटोद्याच्या कॉलेजातले ग्रंथपाल सिद्धेश्वरअप्पा जन्माचे संशयी. २००६ साली ग्रंथालयाची वेबसाइट झाली. ज्याच्याकडे पासवर्ड असेल तो कुठूनही तिच्यावरचा मजकूर बदलू शकतो, हे कळताच अप्पांनी तो कुणालाच सांगितला नाही.

एका सकाळी वेबसाइटवर पुस्तक परत करायची मुदत सातऐवजी सत्तर दिवस झालेली. अप्पांनी सहायक प्रणिताला धरलं. "खरं सांग, पासवर्ड कुठं सापडला?"

"मला काय म्हाईत, सर? तुमी लिहून ठेवलाय का कुठं?"

"शब्दकोशात. एकतिसाव्या पानावर. कोण बघतंय तिथं?"

चोरी ओळखू यावी म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या एकतिसाव्या पानावर शिक्का मारणारे अप्पाच. आणि पुस्तक परत घेताना वीस वर्षं प्रत्येक पोरासमोर तेच पान उघडून तपासणारेही अप्पाच.