पन्नी न काढलेली खुर्ची

आमच्यात जुनं फर्निचर विकत नाहीत. आमच्यात म्हणजे उज्जैनच्या मराठी घरांत. आणि जुनं फर्निचर विकत घेत तर नाहीतच नाहीत. असं असूनही जुन्या सामानाच्या दुकानांत आमच्या वळणाचे देव्हारे, चौरंग आणि दिवाण येतात कुठून आणि महिन्याभरात जातात कुठे, हे कोणी कोणाला विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आमच्या सगळ्यांच्याच मुठी घट्ट झाकलेल्या असतात.

आमच्यात वस्तू ‘देतात’. देणाऱ्यानं म्हणायचं, “तुम्हाला उपयोग असेल तर घेऊन जा हो.” घेणाऱ्यानं “कशाला, कशाला” म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी सामान न्यायला लोडिंग रिक्षा पाठवायची. मग पुढच्या सणाला घेणाऱ्याकडून एक बऱ्यापैकी साडी येते. सगळ्यांना सगळं पोचतं आणि व्यवहार झाला असं मात्र कोणालाच म्हणता येत नाही.

आईला फ्रीगंजचं भाड्याचं घर सोडावं लागलं तेव्हा हे सगळं शास्त्र आमच्या डायनिंग टेबलापाशी येऊन अडकलं. घरमालकाला तिथे महाकालच्या भाविकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. हल्ली उज्जैनात दोन खोल्या आणि एक बादली असलेला प्रत्येक माणूस होमस्टे चालवतो, त्यामुळे त्याच्यावर रागावण्यातही अर्थ नव्हता. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच होती. ती नानाखेड्याला माझ्याकडे राहायला येणार असं ठरलं. माझ्या फ्लॅटमध्ये आई मावत होती, टेबल मावत नव्हतं.

टेबल सागवानी, सहा खुर्च्यांचं. मी शाळेत होते तेव्हा आईनं भिशी लागल्यावर ते घेतलं होतं, कोणाला न विचारता. त्यावरून जे रामायण झालं त्यात मुख्य भूमिका मोठ्या काकूची होती. मोठी काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, आईची जाऊ. काका रेल्वेच्या नोकरीनं महाराष्ट्रातून उज्जैनला आले आणि त्यांच्या मागोमाग बाबा बँकेत बदलून आले. त्यामुळे इथे आमच्या घराण्याची स्थापना आपणच केली असं काकूला वाटायचं, आणि घराण्यात काय चालतं नि काय चालत नाही हे साहजिकच तीच ठरवायची. टेबल चालत नव्हतं.

“आता बाप्पाला पण खुर्चीवर बसवून नैवेद्य दाखव,” ती आईला म्हणाली, आणि या टेबलावर मी जेवणार नाही असं तिनं जाहीर केलं. काकू शब्दाची पक्की. त्यानंतर आमच्याकडे आली की ती पाट मागून घ्यायची आणि भिंतीशी जमिनीवर जेवायला बसायची. आम्ही सगळे वर टेबलाशी, आणि मध्येच वाकून खाली विचारायचो, “काकू, भात हवा का?” असं किती दिवस चालणार? हळूहळू ती जेवायला यायची बंद झाली, मग नुसता चहा उरला, आणि मग दोघींचं बोलणं सणावारापुरतं राहिलं. भांडण असं कधी झालंच नाही, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं.

गंमत अशी की आईसुद्धा त्या टेबलावर कधी जेवली नाही. आजोबा, आजी, बाबा, दादा आणि मी, अशा पाच खुर्च्या भरायच्या. सहावी, स्वयंपाकघराच्या दाराजवळची, आईची. पण पोळ्या गरमच हव्यात हे आमच्या घरचं एकमेव तत्त्वज्ञान होतं, आणि गरम पोळी वाढणारी बाई खुर्चीवर बसू शकत नाही. आमचं आटोपलं की ती ओट्याशी पाट घेऊन जेवून घ्यायची. खुर्च्या दुकानातून आल्या तेव्हा त्यांच्या गाद्यांवर प्लॅस्टिकची पारदर्शक पन्नी होती. आमच्यात अशी पन्नी काढत नाहीत, ती बसून बसून आपली आपण फाटते. पाचांची यथावकाश फाटली. सहावीची तशीच राहिली आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसू लागले. एक तरी खुर्ची नव्यासारखी राहिली म्हणून आजी तिचं कौतुक करायची.

तर आता या टेबलाचं करायचं काय? आईची अट एकच होती. टेबल गेलं तरी चालेल, पण ते विकलं हे मोठ्या काकूला कळता कामा नये.

“टेबल घेतलं तेव्हाच सांगितलं होतं, हे तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मी ते शिप्रेत सोडून येईन,” आई म्हणाली.

“शिप्रेत मावणार नाही,” मी म्हटलं. उन्हाळ्यातली आटलेली शिप्रा माझ्या डोळ्यांपुढे होती.

आधी रीतीप्रमाणे ‘देऊन’ पाहिलं. सगळ्या मराठी घरांत फोन केले. टेबलाची इतकी स्तुती मी जन्मात ऐकली नव्हती. “अहो, तसलं लाकूड आता मिळत नाही!” “आमच्याकडे जागा असती तर मी सोडलंच नसतं!” स्तुती सगळ्यांनी केली, लोडिंग कोणी पाठवली नाही. मग अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, बोलावलं. त्यानं बोटाच्या पेरानं टेबल वाजवून पाहिलं आणि म्हणाला, “लकड़ी तो बढ़िया है, बाईजी. तोड़ के ले जाएँगे.” आईनं त्याला पाणीसुद्धा न विचारता दार दाखवलं. आमच्या घरी पाण्याशिवाय परत गेलेला तो बहुधा पहिलाच माणूस.

शेवटी मी म्हटलं, फोनवर जाहिरात टाकते. आई आधी हादरली, मग विचारात पडली, आणि मग एखादा गुन्हा करायचाच तर नीट करावा अशा थाटात कामाला लागली. फोटोत आपलं घर ओळखू येता कामा नये. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. खिडकीचा पडदा काढला. तरी भिंतीचा रंग ओळखतील म्हणून कपाटातून एक कोरी चादर काढून टेबलामागे दोरीवर टांगली. आमच्याकडे एक कप्पा द्याय-घ्यायच्या वस्तूंचा असतो. आलेली भेट त्यात जाते आणि वेळ आली की दुसऱ्या कोणाला तरी भेट म्हणून जाते. चादर त्यातली, भैरवगढची छपाई, गडद लाल, काठाला हत्ती. फोटो इतका सुरेख आला की टेबलापेक्षा चादरीचीच चौकशी जास्त झाली. ज्यांना टेबल हवं होतं ते फक्त ‘लास्ट प्राइस?’ एवढंच विचारून अंतर्धान पावत होते.

आणि मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी स्पीकरवर टाकला, कारण आईला सगळं ऐकायचं असायचं.

“हेलो, वो आपने टेबल डाली है ना? हमारे पहचान के एक लोग हैं, उनको चाहिए थी.”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं आवाज न करता ओठ हलवले. वहिनी.

मोठी काकूच होती. इतक्या वर्षांचा आवाज, तो काय हिंदीत शिरल्यानं लपतो? माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. काठाला हत्ती असलेली ती चादर आईच्या साठीला काकूनंच दिली होती. जी जगापासून घर लपवायला टांगली, तिनंच नेमक्या माणसाला पत्ता सांगितला होता. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. आता काकू टोमणा मारणार, टेबलाचा इतिहास काढणार, म्हणून मी फोन बंद करायला बोट पुढे केलं.

आईनं माझा हात बाजूला केला आणि फोन स्वतः घेतला. “हाँ जी, बोलिए,” ती म्हणाली, शुद्ध हिंदीत.

“अच्छी हालत में है ना?”

“एकदम मजबूत. सागवान है.”

“वो दिख रहा है फोटो में.” मग काकूनं आवाज खाली आणला. “ऊँचाई कैसी है? मतलब, जिनके घुटने नहीं मुड़ते, नीचे नहीं बैठा जाता, उनको जमेगी?”

आई माझ्याकडे बघत राहिली. काकूचे गुडघे गेलेत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सणाला गेलं की ती आधीच सोफ्यावर बसलेली असायची आणि आम्ही निघेपर्यंत उठायची नाही. तो मोठेपणाचा थाट आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

“घुटनेवालों के लिए ही बनी है,” आई हळूच म्हणाली.

मला वाटलं, आता आई सांगणार, वहिनी, घेऊन जा हो, पैसे कसले. पण छे. दोघींनी भाव करायला जी सुरुवात केली, ती टावर चौकातल्या भाजीवाल्यांनीही कान टवकारून ऐकावी. काकू दोनच खुर्च्या मागत होती. “दो ही जन हैं घर में, छह का क्या करेंगे?” आई ऐकेना. “कुर्सियाँ छहों जाएँगी. जोड़ी तोड़ के नहीं देंगे. त्योहार पर लोग नहीं आते क्या?” मग काकू म्हणाली, “आते हैं. साल में एक बार आते हैं.” सौदा झाला. फोन ठेवताना आई म्हणाली, “पीछे का एक पाया हिलता है, उसके नीचे पुट्ठा लगा देना.” काकू म्हणाली, “मालूम है.” आणि घाईघाईनं, “मतलब, पुरानी चीज़ में होता ही है.”

“आई, सांगून का नाही टाकलंस?” मी विचारलं.

“वेडी आहेस का? मग तिला कळेल ना, की मला कळलं.”

“मग फुकट तरी द्यायचं.”

“फुकट दिलं असतं तर तिनं घेतलंच नसतं. तुला नाही समजायचं ते.” आणि डोळे पुसून ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. मीही मान खाली घालून शेंगा सोलल्या, कारण माझंही काही ठीक चाललं नव्हतं.

दोन दिवसांनी लोडिंग आली. आईनं आदल्या दिवशी टेबल खालून-वरून तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवलं होतं. लोडिंगवाल्यानं भाबडेपणानं काकूच्या कॉलनीचं नाव घेतलं तेव्हा आई मोठ्यानं खोकली आणि ते आम्ही दोघींनी ऐकलं नाही.

भाद्रपदात काकूकडे महालक्ष्म्या. थोरलं घर तिचं, त्यामुळे त्या दिवशी आम्ही सगळे तिच्याकडे. महालक्ष्म्यांचं जेवण पाटावरच, हा काकूचा कायदा देवीलाही बदलता आला नसता. त्या दिवशी मात्र आम्ही आत शिरलो तर पाट कुठेच नव्हते. समोरच्या खोलीच्या मधोमध काहीतरी लांबरुंद होतं आणि त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं पांढरं कापड अंथरलेलं होतं. मागच्या एका पायाशी कापडाखालून पुठ्ठ्याचा कोपरा डोकावत होता.

“टेबल घेतलंत, वहिनी?” आईनं विचारलं. चेहरा अगदी बाळबोध.

“हो ना. मुलाचा फार आग्रह,” काकू म्हणाली. बेंगळुरूहून आलेला तिचा मुलगा आश्चर्यानं तिच्याकडे पाहू लागला.

“छान आहे. नवीन?”

“नवीनच.”

नैवेद्य झाला. काका, काकूचा मुलगा आणि इतर मंडळी बसून उठली. मग आई नेहमीप्रमाणे पदर खोचून स्वयंपाकघराकडे वळली. आता बायकांची पंगत, आणि बायकांच्या पंगतीतही वाढणार आईच, हे तिनं नि आम्ही सगळ्यांनी गृहीतच धरलेलं.

“अगं, थांब,” काकूनं तिला हाक मारली. ती टेबलाला धरून धरून पलीकडे गेली आणि एक खुर्ची ओढली. सहावी. “हे बघ. सहा खुर्च्या आल्या, त्यातली ही एक अगदी कोरी निघाली. पन्नीसुद्धा फाटलेली नाही. ज्यांच्याकडून आली, त्यांच्या घरी एका माणसाला बसायला सवडच मिळाली नाही वाटतं.”

टेबल नवीन आहे हे काकू विसरली होती. आईही ते विसरली.

“नसेल मिळाली,” ती म्हणाली.

काकूनं गादीखाली बोट घातलं आणि पन्नी टर्रकन फाडली. इतक्या वर्षांची पन्नी, कडक होऊन गेलेली, तुकड्यातुकड्यानं निघाली. काकूनं ती सगळी नीट सोलून काढली, गोळा करून बाजूला ठेवली आणि गादीवर हात फिरवला.

“बस.”

“वहिनी, मी वाढते ना, तुमचे गुडघे...”

“बस म्हटलं ना. मी पण बसते. मला कुठे खाली बसता येतं आता?” आणि शेजारची खुर्ची ओढून काकू टेकली.

आई बसली. आधी कडेला, पाहुण्यासारखी, आणि मग सावकाश मागे सरकून पूर्ण बसली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. काकूनं तुपाचं भांडं आईकडे सरकवलं, आईनं काकूला चटणी वाढली, आणि त्या टेबलावर त्या दोघी पहिल्यांदा एकत्र जेवल्या.

मी हे सगळं दारातून बघत होते, कारण मी आत-बाहेर करत होते. पुरणपोळी गरमच हवी, असं दोघीही एका सुरात म्हणाल्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर मी ओट्याशी उभ्यानंच जेवून घेतलं.