नाकेवाल्या अण्णांनी लिहिलेला अर्ज

ताडपत्रीला हात न लावता ट्रकात काय भरलंय ते सांगावं अण्णांनीच. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किती दबलेत ते बघायचे आणि ओरडायचे, "वर कांदा टाकलाय, पर खाली गूळच हाय की!" ड्रायव्हर ओशाळून हसायचा. कोल्हापुरातून कर्नाटकात जाताना हद्दीवर जो करनाका होता, त्याच्या शेजारी टेबल टाकून अण्णा गाड्यांचे कागद लिहून द्यायचे. वीस वर्षं तेच त्यांचं पोट.

मराठी माणूस आला की "या पावणं", कानडी आला की "बर्री, कुंदर्री", म्हणजे या, बसा. कुणाला उभं ठेवून त्यांनी कागद लिहिला नाही. "उभ्या माणसाचा कागद चुकतोय," म्हणायचे. त्यांचं हळू बोलणंही दोन्ही राज्यांत ऐकू जायचं.

माझा चपलांचा कारखाना होता. सात-आठ कारागीर, सगळं हातकाम. बेंगळुरूला माल पाठवायचा तर नाक्यावर अख्खा दिवस मोडायचा. वैतागून आम्ही व्यापाऱ्यांनी ठरवलं, नाके काढा म्हणून सरकारला अर्ज करायचा. आणि तो लिहून घ्यायला मी गेलो कुणाकडे? अण्णांकडेच! कागद म्हटला की अण्णा, सवयच तशी. कोरा कागद त्यांच्या हातात देईपर्यंत मला काही वाटलंसुद्धा नाही. लाज वाटली ती नंतर.

"माझ्याच पोटावर पाय देतोयस की रं," अण्णा म्हणाले, आणि चष्मा पुसून लिहायला बसले. अर्ज झकास उतरला. शेवटी त्यांनी आपल्या मनानं एक कलम घातलं: बाहेरच्या मशीनच्या मालापुढं इथल्या हातकामाला काही वर्षं आसरा द्यावा.

"हे कशाला अण्णा? आपल्या चपलेला कोण भिडतंय?"

"दार उघडलं की तू एकलाच भाईर जाणार न्हाईस. भाईरचं बी आत येणार की."

मी ते खोडायला लावलं. काय ती माझी घमेंड! त्यांनी रेघ मारली आणि अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून दिला.

आमच्या अर्जाचं काय झालं देव जाणे, पण जीएसटी आला आणि नाका उठला. आम्ही पेढे वाटले. अण्णा टेबल घेऊन गावी गेले. दोन वर्षं माझा माल सुसाट गेला. मग त्याच रस्त्यानं मशीनच्या चपला आल्या, निम्म्या भावात, वर 'कोल्हापुरी' असा शिक्का मारून. गिऱ्हाईक म्हणायचं, दिसायला सारखीच की! कारागीर एकेक करून गेले, दोघं तर कबनूरला यंत्रमागावर कामाला लागले. शेवटी कुलूप घातलं. ते कलम राहिलं असतं तर आम्ही वाचलो असतो असं नाही, सरकार कुठं ऐकतंय? पण ते खोडायला मी लावलं, हे सलतं.

अण्णा आजारी आहेत असं कळलं तेव्हा त्यांच्या गावी गेलो. इतकी वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. ते खाटेवर उठून बसले. आवाज पार खोल गेलेला. पहिला प्रश्न, "माल जातोय न्हवं आता, न थांबता?"

कारखाना बंद होऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

"जातोय की अण्णा. कुठंच थांबत नाही."

"मग झ्याक." ते उशीला टेकले. "माझं टेबल गेलं त्याचं काय न्हाय. तुझं तरी चाललं."

मी मान हलवली. पंधरा दिवसांनी अण्णा गेले, तसंच समजून.