बिनमुहूर्ताचे चार महिने

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मी ड्रम शिकले याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. "हिला बडवायला काहीतरी हवंच होतं," एवढंच आमचे हे म्हणाले. हे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नाच्या वरातीतला बँड, लाल कोट, सोनेरी पट्ट्या, सगळं तेच. मी मूळची येवल्याची. लग्नाआधी आठ वर्षं हातमागावर पैठणी विणली. नाशिकला सासरच्या दोन खोल्यांत माग मावेना, म्हणून ते काम सुटलं. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

बँडचं दुकान जुन्या नाशकात आहे. पुढे भिंतीवर कोट टांगलेले, मागच्या खोलीत वाद्यं. दर हंगामात कोटांच्या जरीच्या पट्ट्या उसवायच्या आणि त्या शिवायला मला बोलावणं यायचं, कारण जरीची तार कशी धरावी ते मला कळतं. एकदा अशीच शिवायला गेले असताना दुकानात कुणी नव्हतं. मागच्या खोलीत ड्रमसेट मांडलेला होता. मी सुई टोचून ठेवली आणि जाऊन त्या गोल स्टुलावर बसले. पायाखाली दोन पट्ट्या होत्या. एक दाबली की मोठा ढोल वाजायचा, दुसरी दाबली की दोन थाळ्या मिटायच्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मागावर असंच असतं. पाय खाली पट्ट्या बदलत राहतात, हात वर धोटा फेकतात आणि फणी ठोकतात, आणि कुणी कुणाच्या कामात लुडबुड करत नाही. किती वेळ वाजवलं कोण जाणे. मान वर केली तर दारात मास्तर उभे.

मास्तर म्हणजे या बँडचे मालक, आणि तो ड्रमसेट त्यांचा. मी उठायला लागले तर म्हणाले, "बस, बस. सूनबाई, हे पाय कुठं शिकलीस?"

"मागावर," मी म्हटलं.

"परत वाजव," ते म्हणाले, आणि कोटांच्या ढिगावर बसून राहिले. कोट तसेच उसवलेले राहिले त्या दिवशी.

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं. जिल्ह्यात त्यांचं नाव होतं. चांदवडपासून पेठपर्यंत लोक आधी मास्तरांची तारीख विचारायचे आणि मग भटजींची. तरुणपणी ते मुंबईला गेले होते आणि तिथल्या एका मोठ्या हॉटेलात जॅझ वाजवायचे. पुढे हॉटेलांनी बँड काढून टाकले, इकडे वडील आजारी पडले, आणि मास्तर नाशिकला परत येऊन वडिलांच्या लग्नाच्या बँडमध्ये उभे राहिले. वरातीत त्यांच्या ठेक्यावर म्हातारेकोतारेसुद्धा नाचायचे. त्याचा त्यांना आनंद होता, पण मनात एक सल होता. "हॉटेलात लोक जेवत होते, इथं नाचतात," ते म्हणायचे. "बसून कुणी ऐकलं नाय कधी." हे ते हसत म्हणायचे, पण दर वर्षी म्हणायचे.

आषाढीनंतर कार्तिकीपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात. मधले गणपतीचे दिवस सोडले तर बँडला काम नाही. निम्मी माणसं रिक्षा चालवतात, कुणी भाजीची गाडी लावतो, कुणी द्राक्षाच्या बागेत जातो. उरलेल्या आठ-नऊ जणांना मास्तर रोज सकाळी दुकानात बसवायचे आणि जॅझ शिकवायचे. कुणी बोलावलेलं नाही, कुणाला ऐकवायचं नाही. नुसतं वाजवायचं. लाल कोट भिंतीवर, आणि ही माणसं बनियनवर बसून मुंबईच्या हॉटेलातली गाणी वाजवतायत, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच फुटलं. चार वर्षं त्या बिनमुहूर्ताच्या महिन्यांत मी तिथे शिकले. मास्तर म्हणायचे, "ठेका धरायचा, पण त्याच्या पाठीवर बसायचं नाय. थोडं मागं रेलायचं." ते मला लगेच उमगलं नाही. मग फणी ठोकण्याआधी हात किती थांबतो ते आठवलं आणि जमलं. तारांच्या ब्रशने वाजवायला शिकवलं तेव्हा तर सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज यायचा. मला तोच सगळ्यांत आवडतो.

मास्तरांचा एक दंडक होता: नजर. वरातीत फटाके, गाड्यांचे भोंगे, मित्रांचा आरडाओरडा, त्यात सांगितलेलं काही ऐकू येत नाही, म्हणून बँड खुणांवर चालतो. पुढचा ड्रम गळ्यात घेऊन मास्तर एका हाताने खुणा करायचे. वर मूठ म्हणजे थांबा. दोन बोटं म्हणजे पुढचं गाणं. डोक्यावर हात म्हणजे पुन्हा मुखड्यावर या. माणसं वीस-वीस वर्षं त्यांच्याकडे बघत वाजवत आलेली. तुम्ही झोपेत डोक्यावर हात ठेवलात तरी आमचे हे मुखडा धरतील.

त्याची फजितीही झाली आहे. चांदवडला एका लग्नात वरात मांडवाच्या दाराशी आली, मास्तर मूठ वर करणार, तेवढ्यात वाऱ्याने त्यांची टोपी उडायला लागली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. झालं, बँड मुखड्यावर! दमलेले मित्र पुन्हा नाचायला लागले. मास्तर चिडून हात झटकतात, टोपी पुन्हा उडते, हात पुन्हा डोक्यावर, आणि बँड पुन्हा मुखड्यावर. शेवटी नवरीच्या मामांनी येऊन मास्तरांचे दोन्ही हात धरून ठेवले, तेव्हा कुठे नवरा मांडवात शिरला. ही गोष्ट आमच्याकडे अजूनही सांगतात, आणि दर वेळी मामांची उंची वाढते.

गेल्या वर्षी मास्तरांनी एकदाचं मनावर घेतलं. गंगापूर रोडवरच्या एका शाळेचं सभागृह गणपतीनंतरच्या एका रविवारी सकाळी मिळत होतं. "बस झालं दुकानात," ते म्हणाले. "एकदा खुर्च्या मांडून वाजवायचं." बोलवायचं कुणाला, तर ज्यांच्या ज्यांच्या वरातीत वाजवलं त्या नवरा-बायकोंना. जुन्या वह्यांतून गावं शोधली, त्या त्या गावच्या पोरांना गाठून फोन नंबर मिळवले, आणि मास्तरांनी निरोप सांगायला लावला: तुमच्या लग्नात आम्ही वाजवलं होतं. तेव्हा तुम्हाला ऐकायला सवड नव्हती. आता या. आमचे हे म्हणाले, "हे म्हणजे खरंच वरातीमागून घोडं." पण फोन करायला सगळ्यांत पुढे हेच होते.

तीन आठवडे उरले असताना मास्तरांच्या उजव्या हातातून ड्रमची काडी पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. हात थरथरत होता. खरं तर तो काही महिन्यांपासून थरथरत होता आणि ते तो खिशात घालून फिरत होते, हे आम्हाला नंतर कळलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधाने बरंच बरं राहील, चालणं-फिरणं होईल, पण वेगाने वाजवणं आता नाही, असं स्पष्ट सांगितलं.

मास्तर दुकानात आले आणि म्हणाले, "फोन करून सांगा सगळ्यांना. रद्द."

माझा राग उसळला. हे शोभणारं नव्हतं, त्यांचा हात गेलेला आणि मी त्यांच्यावरच ओरडतेय. पण मी म्हटलं, "मास्तर, चार वर्षं मला काय मेथी निवडायला शिकवलं का?"

त्यांनी स्टुलाकडे बघितलं. त्या स्टुलावर त्यांनी मला बसवलं होतं ते शिकवण्यापुरतं, बँडबरोबर वाजवायचे ते स्वतःच. मग म्हणाले, "बस. मी पुढं उभा राहून खुणा करीन."

आणि तिथेच घोळ झाला. मास्तर समोर उभे राहिले, हात वर केला आणि तो वरच थरथरायला लागला. त्यांनी मूठ केली तर ती उघडली. हात सावरायला ते कपाळाकडे नेत, तो डोक्याला लागे. अर्धे थांबले, अर्धे मुखड्यावर गेले, आमचे हे भलत्याच गाण्यात शिरले. तीनदा केलं, तीनदा तेच. आमचे ट्रम्पेटवाले काका, मास्तरांच्याच वयाचे, त्यांनी शेवटी ट्रम्पेट मांडीवर ठेवला आणि हळूच विचारलं, "मास्तर, नक्की काय करायचं?" विचारायला नको होतं. मास्तरांनी हात खिशात घातला आणि ते घरी निघून गेले.

दोन दिवस दुकान बंद. मला मास्तरांची काळजी वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त भीती वाटत होती ती माझं वाजवणं आता कायमचं राहून जाईल याची. एकदा माग सुटला होता. आता हेही सुटणार, या विचाराने मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर मास्तर दुकान उघडून खुर्च्या फिरवत होते. सगळ्या खुर्च्या अशा मांडल्या की वाजवणाऱ्यांना ते दिसूच नयेत. माणसं आली, बसली, आणि सवयीने माना वळवून मागे त्यांना शोधायला लागली.

"माझ्याकडे बघू नका," मास्तर म्हणाले. "वरातीत ऐकू येत नाय म्हणून बघावं लागतं. इथं कोण फटाके फोडतंय? कान आहेत ना? हिला ऐका. ही थांबली की थांबा, ही वळली की वळा."

"बाईच्या मागं वाजवायचं?" ट्रम्पेटवाले काका म्हणाले.

"ती तुझ्या मागं बसलीय. तू पुढं आहेस. खूश?"

सगळे हसले, काकाही हसले. पण जमेना. ज्यांनी जन्मभर डोळ्यांनी वाजवलं त्यांना कानांनी वाजवायला सांगणं म्हणजे उजव्या हाताच्या माणसाला डाव्या हाताने जेवायला लावणं. मीही चुकत होते. वळण कुठे येतंय ते त्यांना आधी ऐकू यावं म्हणून थाळीवर दोन ठोके जास्त द्यावे लागतात, ते मला सुचायला आठवडा लागला. मग एका सकाळी गाणं सुरू झालं आणि शेवटपर्यंत गेलं. कुणी मान वळवली नाही. मास्तर पाठमोरे, भिंतीवरच्या कोटांकडे तोंड करून उभे होते. ते नुसतं म्हणाले, "चहा मागवा."

त्या रविवारी माणसं येतील की नाही याची मला धास्ती होती. आली. चांदवडची आली, पेठहून एक जोडपं सकाळची एसटी धरून आलं. कुणी लग्नातला शालू नेसून, कुणी सोबत कॉलेजातली मुलं घेऊन. मास्तरांनी दोन वाक्यं बोलायची होती. माइक धरताना हात हलत होता, म्हणून आमच्या ह्यांनी माइक धरला. मास्तर म्हणाले, "तुमची लग्नं टिकली, याबद्दल अभिनंदन. आता बसा." लोक खूप हसले.

आणि मग मास्तर स्टेजच्या बाजूला उभे राहण्याऐवजी पायऱ्या उतरून खाली गेले आणि तिसऱ्या रांगेत पेठच्या जोडप्याशेजारी बसले. हे आधी सांगितलं नव्हतं. आठही जणांनी माना वळवून एकदा मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काडीवर काडी आपटून चार मोजले.

पहिलं गाणं कसं गेलं मला आठवत नाही. दुसऱ्याला मागच्या रांगेतले एक गृहस्थ सवयीने नाचायला उठले, तर बायकोने शर्ट ओढून खाली बसवलं. तिसऱ्या गाण्यात माझा वेग वाढला, ते मला वाजवताना कळत होतं आणि आवरत नव्हतं. चौथं संथ होतं. मी ब्रश घेतले. आमच्या ह्यांनी क्लॅरिनेटवर असं काही वाजवलं की लग्नाला बावीस वर्षं होऊनही मला हा माणूस माहीत नव्हता असं वाटलं. कुणाचा तरी फोन वाजला आणि त्याने तो घाईघाईने बंद केला. मग काहीच आवाज नाही. एवढी माणसं, आणि सगळी बसून ऐकतायत. मी मास्तरांकडे पाहिलं. डोळे मिटले होते. उजवा हात गुडघ्यावर उघड्यावर थरथरत होता आणि त्यांनी तो खिशात घातला नव्हता.

टाळ्या झाल्या, लोक स्टेजजवळ येऊन भेटले, आपल्या वरातीत कोणतं गाणं वाजलं होतं ते सांगत राहिले. मग हळूहळू दाराकडे निघाले. शाळेचा शिपाई मागच्या खुर्च्या एकात एक घालायला लागला. मास्तर मात्र उठले नव्हते. मी खाली त्यांच्याजवळ गेले.

"तिसरं पळवलंस," ते म्हणाले.

"माहितीय," मी म्हटलं.

"पन्नास वर्षं या बँडमध्ये उभा आहे, सूनबाई. तो समोरून कसा वाजतो, मला ठाऊकच नव्हतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते. मलाही रडू आलं, आणि त्या वेळी राग वगैरे काही नव्हता.

मग त्यांनी शिपायाला हाक मारली. "दादा, खुर्च्या राहू द्या जरा." आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "अजून एक वाजवा. मी बसलोय."

आम्ही पुन्हा स्टेजवर गेलो. मी चार मोजले, बँड सुरू झाला, आणि दारापर्यंत गेलेली माणसं मागे फिरून पुन्हा जागेवर येऊन बसली.